कडेचा मुलगा

आम्ही तिघे मालेगावातल्या उर्दू शाळांचे शिक्षक. एक गणिताचा, एक विज्ञानाचा आणि हे लिहिणारा भाषेचा. बी.एड.ला एका बाकावर होतो, तेव्हापासून सिनेमाचा नादही एकच. आमच्या गावाला हा नाद नवा नाही. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाँव के शोले’ काढला, तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो.

२०२३ साली एका बंद थिएटरचं सामान भंगारात निघालं. त्यात एक जडशीळ नळकांडं मिळालं. ऑपरेटरचाचा त्याला ‘स्कोप’ म्हणत. फिल्मच्या पट्टीवर दाबून बसवलेलं चित्र ही लेन्स पडद्यावर आडवं दुप्पट पसरवायची. हॉलिवूडचा ‘द रोब’ १९५३ साली या पद्धतीने आला आणि आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’. हीच लेन्स कॅमेऱ्यापुढे धरली, की उलटं काम करते. समोरचं रुंद दृश्य निम्म्यात दाबून आत सोडते. मग संगणकावर ते पुन्हा ताणायचं.

पण स्कोप एकटी चित्र काढू शकत नाही. तिच्या मागे साधी लेन्स लागते, आणि खरी परीक्षा या मागच्या लेन्सची. आमच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद बघणारी. स्कोपमधून पाहिलं, तर दोन्ही बाजूंना काळोख. नळकांड्याच्या आतल्या भिंतीच दिसत होत्या. म्हणून आम्ही दोन जुन्या रशियन लेन्स मिळवल्या. एक हेलिऑस, ५८ मिलिमीटरची. दुसरी ज्युपिटर, ८५ मिलिमीटरची. हेलिऑसने आम्हाला वेडं केलं. मागचे दिवे उभट, अंड्यासारखे दिसत. मधला चेहरा रेखीव आणि कडा विरघळलेल्या, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या. ठरलं, हीच.

विषय आमच्याच वर्गातला होता. नववीत शाळा सोडून लूमवर गेलेला एक मुलगा. वडील आजारी, घरात तीन बहिणी, आई कांड्या भरायची. आता तो सतरा वर्षांचा होता. त्याला विचारलं, आईला विचारलं, कारखानदाराला विचारलं. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही शेडमध्ये शिरलो. रुंद चौकट, मध्ये लूमची रांग आणि डाव्या कडेला तो. लूमच्या हादऱ्यांनी स्कोप पकडीत फिरली, की सगळं चित्र तिरकं व्हायचं. विज्ञानवाले दर दहा मिनिटांनी स्क्रू आवळत होते.

रविवारी त्याला घरी बोलावून ते चित्रण दाखवलं. दिवे छान, लूम छान. आम्ही खुशीत होतो. तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, इस में मैं कहाँ हूँ?”

तो होता. कडेला, विरघळलेला. सदऱ्याचा रंग तेवढा ओळखू येत होता.

आम्ही कोणीच बोललो नाही. वर्गातही तो भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर बसायचा. सलग किती दिवस गैरहजर आहे, हे महिना संपताना हजेरी मोजली तेव्हा कळलं होतं. एकदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. मग त्याच्या नावावर लाल रेघ ओढली ती आमच्यातल्याच एकाने. एवढ्या गर्दीच्या वर्गात कुणाकुणाकडे बघायचं, असं आम्ही तेव्हा म्हटलं होतं.

पुढच्या गुरुवारी ज्युपिटर लावली. तिचा कोन अरुंद, त्यामुळे ती स्कोपच्या मधल्या, स्वच्छ भागातूनच पाहते. स्कोपमुळे आडव्या बाजूने मात्र साडेबेचाळीस मिलिमीटरच्या लेन्सइतकं दृश्य मिळतं. छिद्र २ वरून ५.६ वर आणलं, तशा कडा घट्ट झाल्या. उजेड कमी पडला म्हणून दोन ट्यूबलाइट जास्त लावल्या. जागा पुरेना, तेव्हा कॅमेरा दाराबाहेर गल्लीत उभा केला. दोन्ही लेन्सचा फोकस वेगवेगळा जुळवावा लागतो. आम्ही तो लूमवर नाही, त्याच्यावर जुळवला.

भोवरे गेले. दिव्यांची जादू पुष्कळशी ओसरली. पण कडेच्या मुलाच्या भुवईवर बसलेला कापूस दिसू लागला, आणि तुटलेला धागा जोडताना त्याचे ओठ हलतात, तेही.

फिल्म दहा मिनिटांची झाली. मोहल्ल्यात भिंतीवर दाखवली. त्याची आई पहिल्या ओळीत बसली होती. संपल्यावर तिने विचारलं, “मास्टर, अब इसका इम्तिहान हो सकता क्या?”

२०२४ मध्ये आम्ही त्याचा १७ नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. शुक्रवारी नमाजनंतर तो गणिताच्या मास्तरांकडे येतो. ते त्याला समोर बसवतात, मधोमध.