दरीच्या वाटेवरचा खटका

माणसाने एकदा घर सोडून हिंडायचे ठरवले, की घर मागे ठेवावे, अशी आपली साधी समजूत. अमेरिकन माणसाची समजूत निराळी आहे. तो हिंडायला निघतो तेव्हा घरालाही बरोबर घेतो. एक लांबट पेटी, तिला खाली चाके. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, शीतकपाट आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे. हे सारे मोटारीच्या मागे जोडायचे आणि चालू लागायचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते; या मंडळींचे शेपटीला असते, इतकाच फरक. त्या पेटीला ते ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात.

२०२३ सालच्या मे महिन्यात आईला घेऊन मी थोरल्या भावाकडे अॅरिझोनात गेलो. दादा फिनिक्सजवळच्या चँडलर गावी राहतो आणि व्यवसायाने इंजिनिअर आहे. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा घरात यंत्राविषयी कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हे लहानपणीच ठरून गेलेले. दादाने वर्षभरापूर्वी असाच एक वापरलेला ट्रेलर विकत घेतला होता. वीस फूट लांब, वजन सुमारे दोन टन. “आईला ग्रँड कॅन्यन दाखवायचा, आणि तोही हॉटेलात न उतरता. तिच्या हातचा चहा दरीच्या काठावर प्यायचा,” हा त्याचा बेत. दरीच्या दक्षिण काठावरची ट्रेलर उभा करण्याची जागा त्याने कित्येक महिने आधी राखून ठेवली होती. आईचे वय शहात्तर. परतीचे तिकीट पुढच्याच आठवड्याचे. पुन्हा एवढा विमानप्रवास तिच्याच्याने व्हायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. बोलत मात्र कुणीच नव्हते.

सकाळी सहाला जोडणीचा सोहळा सुरू झाला. दादाच्या दणकट पिकप गाडीच्या मागे एका दांड्यावर पोलादी गोळा बसवलेला असतो. ट्रेलरच्या पुढच्या निमुळत्या टोकाला उपड्या वाटीसारखा एक भाग असतो; त्याला कपलर म्हणतात. गाडी मागे घेत गोळा बरोबर वाटीखाली आणायचा, जॅक फिरवून वाटी गोळ्यावर उतरवायची, खटका दाबायचा आणि तो उचलला जाऊ नये म्हणून त्यात पिन घालायची. ऐकायला सोपे, पण गाडी मागे घेणारा नवरा आणि हात दाखवणारी बायको असली, की त्याचे नाटक होते. “डावीकडे, डावीकडे!” वहिनी ओरडत होत्या. “तुझ्या डावीकडे की माझ्या?” दादा विचारत होता. तीन प्रवेश झाल्यावर गोळा वाटीखाली आला. मग दोन साखळ्या एकमेकींना तिरक्या छेदून अडकवल्या. वाटी निसटलीच, तर ट्रेलरचे नाक जमिनीवर न आपटता त्या झोळीत पडावे, अशी योजना. दिव्यांच्या तारा जोडल्या. शेवटी एक बारीक तार. ट्रेलर गाडीपासून तुटलाच, तर ती तार खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. सगळे झाल्यावर दादाने हात झटकले आणि आम्ही ‘मोरया’ म्हणून निघालो.

पहिल्या सिग्नललाच मागून आवाज आला, ‘ठक्’. हिरवा दिवा लागला, गाडी हलली, पुन्हा ‘ठक्’.

“काहीतरी ढिलं आहे रे,” आई म्हणाली.

“आई, ट्रेलर म्हटला की आवाज व्हायचाच.”

आई गप्प बसली. पण गावातले पाच-सहा सिग्नल झाल्यावर पुन्हा म्हणाली, “गाडी वाजते हे मलाही कळतं. आमची बैलगाडीसुद्धा वाजायची. पण चालत्या गाडीचा आवाज निराळा. हा थांबताना एक होतो आणि निघताना एक. म्हणजे कुठंतरी जोडातच जागा झाली आहे.”

आईचे माहेर पन्हाळ्याच्या बाजूला. तिच्या वडिलांची गाडी कोल्हापूरच्या पेठेत गूळ घेऊन जायची. जू, शिवळा, वंगण हे शब्द मी विद्यार्थ्यांना ग्रामीण कादंबरी शिकवताना तळटीपेसारखे सांगतो. तिने ते हाताळलेले आहेत. दादाने आरशातून माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसून घेतले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

फिनिक्स शहर मागे पडले. शहराची उंची सुमारे अकराशे फूट. तिथून फ्लॅगस्टाफ गावापर्यंत सतरा नंबरचा हमरस्ता जवळजवळ सात हजार फुटांवर चढतो. तोही सरळ चढत नाही. आधी दमछाक करणारा चढ, मग व्हर्डे नदीच्या खोऱ्यात उतरणारा लांबलचक उतार आणि पुन्हा चढ. आपल्या खंबाटकीची आणि बोरघाटाची आठवण व्हावी असा. तो सुरू होण्याआधी पेट्रोल भरायला म्हणून दादाने अँथम गावाजवळ गाडी थांबवली. ‘ठक्’.

या वेळी मात्र तो पेट्रोल भरून लगेच निघाला नाही. “आईचं समाधान करू,” असे म्हणून त्याने गाडी एका बाजूला सपाट जागी घेतली आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले.

ही परीक्षा फार सोपी आहे. खटका लागलेला, पिन घातलेली, तशाच स्थितीत ट्रेलरचा जॅक फिरवून नाक वर उचलायचे. वाटीने गोळा नीट धरला असेल, तर तिच्याबरोबर पिकप गाडीचा मागचा भागही वर उचलला जातो. दादाने जॅक फिरवायला सुरुवात केली. एक वेढा, दोन वेढे, पाच वेढे. गाडी जागची हलली नाही. वाटी मात्र सावकाश वर आली आणि गोळा सोडून मोकळी झाली. खटका लागलेलाच होता. पिनही जागेवर होती.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. ऐंशी किलोमीटर आम्ही ते दोन टनांचे घर केवळ त्याच्या वजनाच्या भरवशावर ओढत आणले होते. एखादा मोठा खड्डा लागता, तर ते सुटले असते. साखळ्या होत्या, तार होती, हे खरे. पण उतारावर, शेजारून अजस्र मालमोटारी धावत असताना, त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची?

मग दादातला इंजिनिअर जागा झाला. आधी माप. गोळ्याच्या माथ्यावर आणि वाटीच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. दोन्हीकडे दोन पूर्णांक पाच सोळांश इंच. म्हणजे मोठ्या वाटीत लहान गोळा बसवण्याची चूक झालेली नव्हती. गोळा कुठे चपटा झाला होता का? नाही. मग तो पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकला. वाटीच्या आत एक पोलादी जबडा असतो. खटका दाबला की तो गोळ्याला खालून आवळतो. त्याची पकड कमीजास्त करायला खाली एक नट असतो. तो नट ढिला होऊन खाली उतरला होता आणि जबड्याची कडही झिजली होती. वरून खटका बंद दिसत होता. खाली जबड्याने गोळ्याला हातही लावला नव्हता. दादाने पाना घेऊन नट आवळला. फार आवळला तर खटका बसत नाही, कमी आवळला तर पकड येत नाही. दोन-चार वेळा बेताबेताने करून झाल्यावर पुन्हा जॅक फिरवला. या वेळी पिकप गाडी डुलत वर आली.

“झालं!” दादा उठून उभा राहिला. “चला, अजून वेळ गेलेली नाही.”

“दुसरं काही नाही ना? एकदा नीट बघ,” आई म्हणाली.

बघायला सरकली ती माझी चौदा वर्षांची पुतणी. तिने बॅटरी धरली, फडक्याने वंगण पुसले आणि खालूनच म्हणाली, “बाबा, इथे केस चिकटलाय. पण निघत नाही.”

तो केस नव्हता. वाटीच्या ओठाजवळ पोलादाला चीर गेली होती. नख फिरवले तर अडकत होते. वरून ताजा काळा रंग दिलेला. रंगाचा पोपडा काढला, तर आत गंज. ज्याने ट्रेलर विकला, त्याने दुरुस्तीऐवजी रंगरंगोटी केली होती.

आता खरा प्रश्न उभा राहिला. नट आवळला होता, पकड आली होती. हळू गेलो तर पोहोचलोही असतो. आजची रात्र चुकली, तर उरतात दोनच दिवस. “साखळ्या आहेत. ताशी चाळीस मैलांनी जाऊ,” दादा म्हणाला. कबूल करतो, मीही त्याला दुजोरा दिला. कॅन्यनवर लेख देण्याचे मी संपादकांना वचन दिले होते, आणि दरी न पाहता दरीचे वर्णन करण्याइतका मी अजून निर्ढावलो नव्हतो.

आई पायरीवर बसली होती. म्हणाली, “माझ्या थोरल्या मामानं असंच केलं होतं. दोर विरलाय हे दिसत होतं. पण बाजार चुकेल म्हणून तसाच निघाला. उतारावर दोर तुटला. मामा वाचला, पण जन्मभर लंगडत चालला. आणि बैल गेला तो गेलाच.” मग थोडे थांबून, “दरी काय उद्या उठून जाणार आहे?”

दादा काही न बोलता बाजूला गेला आणि त्याने फोन लावला.

अकराच्या सुमारास आपल्याच गाडीत सारे सामान घेऊन हिंडणारा एक वेल्डर आला. सत्तरीकडे झुकलेला, मूळ मेक्सिकन, मोजके बोलणारा. त्याने चिरेवर बोट फिरवले आणि मान हलवली. चिरेवर डाग देऊन चालणार नाही, पुन्हा तिथेच किंवा शेजारी तडकेल. सबंध कपलर बदलावा लागेल. तो दुकानातून नवा घेऊन आला. गोळ्याचे माप तेच, वजन पेलण्याची क्षमता तपासलेली, आणि ट्रेलरचे दोन दांडे जिथे कोनात मिळतात तो कोनही तोच. काम सुरू करण्याआधी त्याने नाकावरची गॅसची दोन्ही नळकांडी बंद करून दूर नेऊन ठेवली आणि बॅटरीच्या तारा सोडल्या. ठिणगी आणि गॅस यांची गाठ पडू नये म्हणून. तेव्हा आईच्या हातचा चहा रद्द झाला, डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वेल्डरने दशमी हातात घेऊन “तोर्तिया!” म्हटले आणि दोन खाल्ल्या. आई त्याच्याशी मराठीत बोलत होती, तो स्पॅनिशमध्ये उत्तर देत होता. दोघांचे उत्तम जमले.

त्याने जुने जोड घासून कापले, रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, नवा कपलर दोरीने आणि मापाने सरळ रेषेत धरला आणि मग निळसर उजेडात डाग दिले. गार झाल्यावर रंगाचा हात. चार वाजता काम संपले. निघताना त्याने गोळ्याला वंगण लावले, खटका दाबला आणि दादाचा हात धरून वाटीखाली नेला. गोळ्याखाली जबडा बसल्याचे बोटांना लागल्यावरच त्याने पिन घातली. डोळ्यांवर विसंबायचे नाही, हा त्याचा निरोप होता; त्याला भाषा लागली नाही. जॅक फिरवताच पिकप गाडी उचलली गेली आणि पुतणीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या चढावर आईने कान दिला. “आता नाही,” म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

वाटेत सग्वारो निवडुंग सोबतीला होते. या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. घाई न करणारे झाड! उंची वाढली तसे निवडुंग संपले; व्हर्डेचा तो उतार आम्ही सावकाश उतरलो आणि फ्लॅगस्टाफजवळ संधिप्रकाशात उंच पाइन वृक्ष लागले. काठावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. दिसत काहीच नव्हते.

सकाळी दिसले. एक मैल खोल, काही ठिकाणी अठरा मैल रुंद आणि नदीच्या वळणांनी मोजली तर २७७ मैल लांब अशी ती दरी. तळाशी कोलोरॅडो नदी दोऱ्याएवढी. पायांखालचा काठाचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचे काळे खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातले. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटींचा; इथे तो काल जन्मलेले बाळच. आणि त्या तळाच्या खडकांना शास्त्रज्ञांनी दिलेले नाव आहे ‘विष्णू’. दरीतून वर आलेल्या एका शिखराचे नाव विष्णू टेंपल, दुसऱ्याचे शिवा टेंपल. क्लॅरेन्स डटन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास ही नावे दिली. ती शिखरे त्याला पौर्वात्य देवळांसारखी भासली.

मी हे सांगितल्यावर आईने विष्णू टेंपल कुठले ते विचारून घेतले आणि हात जोडले. मग ट्रेलरमध्ये जाऊन चहा केला. आम्ही पाचजण काठाजवळ बसून तो प्यालो. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, “आई, तू तीनदा सांगितलंस. मी ऐकलं नाही.”

“चौथ्यांदा सांगायची वेळ आली नाही ना? झालं तर,” ती म्हणाली आणि त्याचा कप घेऊन पुन्हा भरला.

आई आता पुण्यात असते. दादाचा फोन येतो, सहलीचे बेत सांगतो. ती कुठे, किती दिवस, हे विचारत नाही. एवढेच विचारते, “खालून हात घालून पाहिलंस का?” आणि पलीकडून इंजिनिअर साहेब निमूटपणे उत्तर देतात, “पाहिलं, आई.”