अपशब्द आणि शब्दवैभव

ज्याच्या मुखी अपशब्द त्याच्या पदरी शब्दांचे दारिद्र्य, ही समजूत आपल्या सुशिक्षित समाजात इतकी रूढ होऊन बसली आहे की तिची फेरतपासणी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आपल्याच मुलखातील जुने लेख वाचू लागले म्हणजे ती डळमळू लागते. शिलाहारांच्या आणि यादवांच्या अमदानीत एखादे दान दिले की त्याचा लेख शिळेवर कोरीत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि हे दान जो मोडील त्याच्या मातेला उद्देशून तो प्रसिद्ध गाढवाचा शाप, कित्येकदा शिल्पासकट. मराठीच्या प्राचीनतम लेखांत जिची गणना होते त्या अलिबागजवळच्या आक्षीच्या शिळेवरही हा गद्धेगाळ आहे. राजाची बिरुदे आणि दानाचा तपशील नेटकेपणे नोंदविणाऱ्या त्या लेखकांना शब्दांची वाण होती असे कोण म्हणेल? आज दिलेल्या सनदेची बूज राखणारा अंमलदार चार पिढ्यांनंतर तेथे असेलच अशी शाश्वती नव्हती, म्हणूनच उद्दाम मनुष्यही जे वाचून चपापेल असे शब्द त्यांनी समजून उमजून योजले, असे मला वाटते.

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून, वाद्यांच्या गजरात, परस्परांना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’. एरवी घरात आणि चारचौघांत जिभेला लगाम घालूनच ज्यांना वावरावे लागते त्या स्त्रियांच्या वाणीला तेथे वर्षातून एकदा मोकळे रान मिळते, आणि त्या रानात जे उगवते त्याला असभ्य म्हणता येईल, मतिमंद मात्र म्हणता येणार नाही.

टिमथी जे आणि क्रिस्टिन जे या अमेरिकन संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच बाजूने साक्ष देतो: ज्यांना इतर शब्द झरझर सुचले त्यांनाच निषिद्ध शब्दही अधिक सुचले. तथापि शिवी ठाऊक असणे आणि शिवीवाचून वाक्य पुरे न होणे यांत महदंतर आहे. फ्रेंच कवी बोदलेर १८६६ साली पक्षाघाताने आजारी पडला आणि त्याची वाचा गेली, तेव्हा भाषेच्या त्या धन्यापाशी ‘क्रे नों’ हा ईश्वराच्या नावाने घातलेल्या शपथेचा तुकडाच काय तो उरला. विचारपूर्वक जुळविलेले वाक्य मेंदूच्या ज्या भागांच्या आधाराने उभे राहते त्यांना इजा झाली तरी अंगवळणी पडलेले उद्गार पुष्कळदा शाबूत राहतात, हे वैद्यकाला परिचित आहे. सवयीची शिवी या जातीची असते. ती बोलणाऱ्याने निवडलेली नसते, ती त्याच्या तोंडून निसटते, आणि तिच्यावरून त्याची बुद्धी जोखणे हे कण्हण्यावरून विद्वत्ता जोखण्यासारखे आहे.

माझा आक्षेप निराळाच आहे, आणि तो मला जिव्हारी लागलेला आहे. आमच्या बहुतेक शिव्या, त्या गद्धेगाळापासून तो आजच्या नाक्यापर्यंत, आईच्या आणि बहिणीच्या अंगावरून जातात. भांडण दोन पुरुषांचे, आणि विटंबना तेथे हजरही नसलेल्या बाईची. शिवाय तीच एक शिवी आनंदाला, आश्चर्याला, मत्सराला आणि दुःखाला पुरवू लागलेला तरुण त्या साऱ्या भावना हळूहळू एकाच भावाने मोजू लागतो. अपमान झाला की अन्याय झाला, हेही मग त्याला धडपणे सांगता येत नाही. आमच्या आज्यांना राग व्यक्त करायला ‘मेल्या’ होता, ‘तुझं तळपट होवो’ होते, ‘मुडदा बशिवला तुझा’ होते, आणि प्रत्येकाचा प्रसंग त्यांना नेमका ठाऊक असे.

म्हणून घराघरांतील वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाच्या तोंडून शिवी निघाली तर थोबाडीत मारून त्याला गप्प बसवू नका, त्याला जवळ बसवा, काय झाले ते सगळे सांगायला लावा, आणि तो शब्दासाठी अडला तर तो शब्द त्याला द्या.