परशुरामाला धाडलेले पत्र

दोंडाईचा, रविवार रात्र

जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ (1873) पुन्हा हाती घेतली आहे, या खेपेला त्यांच्या लिहिण्याची धाटणी पाहायला. सोळा भागांचा संवाद. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. मासा, कासव, डुक्कर या अवतारांना ते शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानाने तपासतात, आणि गुरंढोरं पाळणाऱ्याला पडतील अशा साध्या शंकांनीच पुराणकथा डळमळते.

थक्क व्हावे ते याच पुस्तकात परशुरामाला लिहिलेल्या पत्राने. तो चिरंजीव आहे ना, मग ठरल्या मुदतीत हजर व्हावे! मायना रीतसर, चाल सरकारी नोटिशीची. उपरोध सगळा त्या रीतसरपणात साठवला आहे. इतका संयम रागावलेल्या लेखणीला सहसा जमत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची अशुद्ध म्हणून टिंगल केली. तो अन्यायच होता. ही भाषा रानात, चावडीवर बोलली जाणारी. तिच्यातूनच युक्तिवादाला धार येते.

आमच्या तापी लाइनीवर अमळनेरला प्रताप शेठजींचे तत्त्वज्ञान मंदिर 1916 पासून आहे. फुले मात्र आपल्याकडे समाजसुधारक म्हणूनच शिकवले जातात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘गुलामगिरी’ ओळीओळीने वाचली गेली पाहिजे.