सारथ्यांची निवृत्ति

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्या घरावर आला असेल, तेथील मंडळींना सामानवाहू गाडीच्या चालकाचें महत्त्व सांगावयास नको. पूर्वीं चार भांडीं नि दोन वळकट्या बैलगाडींत घातल्या कीं बिऱ्हाड हललें. आतां कपाटें, फ्रीज, पुस्तकांचीं खोकीं आणि आजेसासूबाईंच्या वेळची लोणच्याची बरणी, असें सारें सर्वस्व एका बंद गाडींत घालून आपण तें अपरिचित मनुष्याच्या हातीं देतों.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यांत सामान हलविण्याचा व गोदामांत सांभाळण्याचा व्यवसाय करितो. गेल्या वैशाखांत त्यानें वर्षाच्या हिशेबाची सभा आणि तीन चालकांचा निरोपसमारंभ एकाच दिवशीं ठेवून अध्यक्षस्थानीं मला बसविलें. मास्तरांना अध्यक्ष करण्याची रूढि अद्याप टिकून आहे, ती बहुधा आम्ही फुकट येतों म्हणून!

हिशेब ऐकतांना या धंद्याचें पंचांगाशीं केवढें नातें आहे तें कळलें. परीक्षा संपल्या कीं बदल्यांचा हंगाम. पितृपक्षांत गाड्या उभ्या, कारण त्या पंधरवड्यांत नव्या घरांत पाऊल टाकावयास कोणी धजत नाहीं. दसरा उजाडला कीं पुन्हा धांवपळ. गोदामाचें उत्पन्न मात्र बारमाही. परदेशीं गेलेल्या मुलांचे पलंग नि टेबलें तेथें भाडें भरीत निजलेलीं असतात. यंदा नफा वाढला, दोन नव्या गाड्या घ्यावयाच्या, असें सांगून झाल्यावर जुन्या गाड्यांच्या घसाऱ्याचा आकडा वाचण्यांत आला. लोखंड झिजतें तें वहींत लिहितात. चालकाबरोबर जें जातें त्याला मात्र रकाना नाहीं.

आमच्या पुराणांत सारथ्याला मोठा मान. सुमंत्र तर दशरथाचा मंत्रीहि होता. म्हणून तिघांतील वडील चालकाला मीं त्याची विद्या विचारली. तो लाजला. "गुरुजी, विद्या कसली! जड सामान तळाला, केबिनच्या भिंतीशी लावायचं. काच उभी न्यायची, आडवी नाही. आणि ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा." नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली कीं ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरीत नाहींत, मग तो बोरघाट असो वा खंबाटकी, हें त्यानें मला समजावून दिलें. हें कळावयास एक दिवस पुरे. अंगवळणीं पडावयास त्याचीं तीस वर्षें गेलीं.

नंतर शाल, नारळ आणि ग्रॅच्युइटीचे धनादेश देण्यांत आले. शाल ऐच्छिक, ग्रॅच्युइटी नव्हे. १९७२ सालीं त्याचा कायदा झाला. सेवेच्या प्रत्येक वर्षामागें १५ दिवसांचें वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरावयाचा. तिघांचेंही वेतन २६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १५,०००. तीस वर्षें झालेल्या वडील चालकास ४,५०,००० मिळाले. दुसराहि वीस वर्षें ह्याच गाड्या हांकीत आलेला. पण त्याचा धनादेश होता १,२०,००० चा. पहिलीं बारा वर्षें तो म्हणे कंत्राटदाराच्या पटावर होता. त्यानें धनादेश कपाळाला लावून खिशांत ठेवला. मला मात्र पेढा गोड लागेना.

सभा उठल्यावर मीं यजमानास बाजूला घेतलें.

"त्या बारा वर्षांत तो घाट कोणाच्या कामासाठीं उतरत होता?"

"सर, कागदोपत्रीं तो आमचा नव्हताच."

"आणि ज्यांचें सामान त्यानें पोहोंचविलें, त्यांना पावती कोणाच्या नांवाची मिळे?"

"आमच्या."

तो बराच वेळ गप्प राहिला. मुलगा वर्गांतहि असाच होता. उत्तर येत असलें कीं खालीं पाही. शेवटीं त्यानें हिशेबनिसाला त्या बारा वर्षांच्या वह्या काढावयास सांगितलें, आणि मला म्हणाला, "सर, दसऱ्यापर्यंत वेळ द्या."

दसऱ्याला सोनें घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहें.