मेसची लाल वही

मेसचं बिल आलं की शिव्या सगळेच घालतात, पण ते बनतं कसं हे किती जणांना माहीत आहे? गेल्या टर्मला मेस कमिटीत माझी वर्णी लागली, म्हणून मला ते आतून बघायला मिळालं.

महिन्याचा एकूण खर्च भागिले सगळ्यांचे मिळून जेवणाचे दिवस, हा झाला एका दिवसाचा दर. सलग तीन दिवस किंवा जास्त गावाला गेलात तर ‘मेस कट’ मिळतो. चिठ्ठी मात्र आदल्या दिवशी द्यायची. मेसचे काका चिठ्ठ्या लाल वहीत उतरवतात आणि महिनाअखेरीस कॅल्क्युलेटर घेऊन दोन रात्री बसतात. १४२ पोरं, ३० दिवस. बेरीज जुळली नाही की पुन्हा पहिल्यापासून!

हे बघून आम्ही कॉम्प्युटरवाले गप्प कसे बसणार? माझ्या रूम पार्टनरने एका रात्रीत आख्खा प्लॅन मांडला. चिठ्ठी बंद, गूगल फॉर्म चालू. स्क्रिप्ट नियम तपासणार, नियमात बसत नसेल तर अर्ज आपोआप नामंजूर, आणि १ तारखेला ज्याचं त्याचं बिल मेलवर. काकांनी फक्त पोळ्यांकडे बघायचं.

प्लॅन झकास होता. तरी मी आधी दोन संध्याकाळी काकांजवळ बसून जुनी वही टाइप केली. (ते ‘एकोणसाठ’ म्हणायचे आणि मी ‘म्हणजे फिफ्टी नाइन ना?’ असं विचारायचो. कॉन्व्हेंटचे संस्कार, दुसरं काय!) तेव्हा समासातले बारीक शेरे दिसले. ‘वडील ॲडमिट, रात्री निघाला.’ ‘कावीळ, भाऊ येऊन घेऊन गेला.’ या पोरांनी आधी चिठ्ठी दिलीच नव्हती. नियमाने कट मिळायला नको होता, काकांनी दिला होता. याच्या उलट, एका महाशयांनी नऊ दिवसांचा कट मागितला होता आणि त्यापुढे शेरा होता: ‘रोज रात्री जेवायला हजर.’

हे स्क्रिप्टला कसं कळणार? फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना टाका म्हणाल, तर पंधरा दिवसांत हॉस्टेलमधल्या प्रत्येकाची आजी आजारी पडेल.

पार्टनरशी जोरदार वाजलं. त्याचा मुद्दाही खोटा नव्हता. “काका मर्जीतल्या पोरांनाच सूट देत नाहीत कशावरून? स्क्रिप्ट सगळ्यांना सारखी.” मी त्याला इंग्लंडचं उदाहरण दिलं. २०२० साली तिथल्या सरकारी आरोग्य खात्यात लॅबकडून आलेल्या कोविडच्या फाइली आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या शीटमध्ये भरल्या जात. त्या शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गुपचूप गळाल्या आणि सप्टेंबरअखेरच्या आठवड्याभरात १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस मोजणीतून सुटल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला तो वेगळाच. हाताने लिहिणाऱ्याची वही भरली असती, तर त्याने निदान नवी वही मागितली असती!

शेवटी आम्ही मधला रस्ता धरला. कट द्यायचा की नाही हे काका ठरवतात आणि शीटमध्ये ‘क’ टाकतात. नियमाबाहेरची सूट असेल तर शेरा हवाच, आणि त्यावर कमिटीतल्या एकाची सही. दिवस मोजायला काउंट-इफ, बिलं छापायला मेल मर्ज. सगळ्या बिलांची बेरीज खर्चाशी जुळली नाही तर एक चौकोन लाल होतो, बस्स. मॅक्रो मुद्दाम लिहिला नाही. आम्ही पास होऊन गेल्यावर तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? फॉर्म्युला काय, मेकॅनिकलच्या ज्युनियरलाही क्लिक करून वाचता येतो. (मेकॅनिकलवाल्यांनी हलकेच घ्यावे.)

दोन रात्रींचं काम आता पाऊण तासात होतं. आता वॉर्डनसरांकडे बायोमेट्रिक हजेरीचा प्रस्ताव आला आहे. कोण जेवलं हे मशीनने खुशाल मोजावं, पण कट मंजूर करणं काकांकडेच राहू द्या, असं आम्ही दोघांनी सही करून लिहून दिलंय. हो, पार्टनरनेसुद्धा.