सुटलेला टाका

वैशाखातील बोर्डी ही हौसेने हिंडण्याची जागा नव्हे. ओहोटी लागली म्हणजे समुद्र इतका आत जातो की, परत येण्याचा विचार तरी त्याने ठेवला आहे की नाही, याची किनाऱ्यावरच्या माणसास शंका यावी. सुरूच्या झाडांतून वाहणारा वारा कानांना ऐकू येतो, अंगाला लागत नाही. आणि चिकूच्या वाड्यांतील गर्द सावली दुसऱ्याच्या मालकीची असल्यामुळे तिच्यात फार वेळ रेंगाळण्यास मन घेत नाही. परंतु पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास डॉक्टर जे एकच औषध फुकट देतात, ते चालण्याचे. घोलवडला गाडी धरून कॉलेजात जाणे आणि संध्याकाळी तसेच परतणे, यात पायांपेक्षा खांद्यांनाच व्यायाम अधिक. म्हणून सुट्टीत आम्ही रोज सायंकाळी किनाऱ्याची वाट धरतो. गेल्या वैशाखात असेच निघालो असता, मच्छीमार वस्तीच्या तोंडाशी असलेल्या हातपंपाने अंगात स्वेटर चढविलेला आम्हांस दिसला.

स्वेटर म्हणणे ही थोडी अतिशयोक्ती झाली. ती एक बाही होती. पंपाच्या लोखंडी दांड्याचा जेवढा भाग हातात येतो, तेवढ्यावर तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या सुताच्या पट्ट्यांची घट्ट विणलेली बाही बसविली होती, आणि टोकाला एक लहानसा गोंडाही होता. गोंड्याचे प्रयोजन आम्हांस कळले नाही. एक बाई हंडा भरीत होती. दांड्याबरोबर गोंडा वर जाई, खाली येई, आणि हंड्याशेजारी बसलेले तिचे पोर त्याच्याकडे टक लावून पाही.

तेथे जमलेल्या कोणासही त्यात नवल वाटत नव्हते. नवल वाटले ते आम्हांला. "ही साथ येथवर येऊन पोचली!" असे उद्गार आमच्या तोंडून निघाले, आणि हंडा भरणारी बाई दचकली. त्या शब्दाला अलीकडे फार वाईट आठवणी चिकटल्या आहेत, हे आम्ही विसरलो होतो.

ही साथ आम्ही प्रथम पाहिली ती विलायतेत. आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त यॉर्कशायरच्या उत्तर भागात राहतात. त्यांच्या आग्रहावरून त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा (तिकडचे लोक त्यास उन्हाळा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो) आम्ही उभयतांनी तेथे काढला. ज्याने तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविले आणि इंग्लंड मात्र कधी पाहिले नाही, असा मनुष्य त्या देशात उतरला म्हणजे काय शोधील? आम्ही जुनी चर्चे शोधीत होतो, जुन्या पुस्तकांची दुकाने शोधीत होतो, आणि अमुक ग्रंथकार या घरात राहत असे, हे सांगणारी एखादी पाटी शोधीत होतो. दुसऱ्याच दिवशी सापडली ती डोक्यावर टोपी घातलेली टपालपेटी!

पेटी नेहमीचीच, तांबडी, गोल, खांबासारखी. पण तिच्या माथ्यावर लोकरीची निळी टोपी, टोपीवर लोकरीचा समुद्र, समुद्रात एक होडी, आणि काठावर तीन समुद्रपक्षी. पैकी एकाच्या चोचीत बटाट्याची तळलेली फोड होती. ती त्याने कोणाच्या तरी हातातून पळविलेली असावी, असा भाव विणणारीने त्याच्या डोळ्यांत नेमका आणला होता. पत्र टाकण्याची फट आणि टपाल उचलण्याच्या वेळांची पाटी तेवढी काळजीपूर्वक उघडी ठेवलेली. खाली नाव नाही, संस्था नाही, जाहिरात नाही.

त्या दिवसापासून चर्चे आणि ग्रंथकार मागे पडले. कोणी फुलपाखरे जमवितो, कोणी नाणी. आम्ही वहीत टोप्या टिपू लागलो. एका गावात रस्त्यावरच्या आखूड खांबांना पायमोजे घातलेले. दुसऱ्यात एका वृद्ध झाडाला गळपट्टा. तिसऱ्यात बाकाच्या हातांवर लोकरीच्या गोगलगाई. जावई म्हणाले, "२०२० साली टाळेबंदी आली आणि या प्रकाराला ऊत आला. राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, तुम्ही यायला हवं होतं. जिकडे तिकडे मुकुट आणि तिचे ते आखूड पायांचे कुत्रे!" त्यापूर्वीची हकीकतही ऐकली. जवळच सॉल्टबर्न नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. २०१२ साली, ऑलिंपिक सामने लंडनला व्हावयाचे होते त्या वर्षी, तेथील धक्क्याच्या कठड्यावर एका सकाळी सुमारे ५० यार्ड लांबीची विणलेली पट्टी आढळली, आणि तिच्यावर धावणारे, पोहणारे, वजने उचलणारे लोकरीचे खेळाडू! रातोरात कोणी बांधली, हे कोणाला कळले नाही.

या वेडाचा उगम मात्र इंग्लंडात नाही. २००५ साली अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी मॅग्डा सेयग नावाच्या एका बाईने आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीस विणून अंगरखा घातला, तेथून हे सुरू झाले, असे सामान्यतः मानतात. तरीही टपालपेटीला टोपी घालण्याचा हक्क आम्ही इंग्रजांनाच देऊ. त्यास एक मौजेचे कारण आहे. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या टपालपेट्या ब्रिटिश टपाल खात्याने प्रथम उभारल्या त्या १८५२ साली, फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या जर्सी बेटात. आणि ती सूचना केली टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या अँथनी ट्रॉलप या कादंबरीकाराने. पुढच्या वर्षी शेजारच्या गर्न्सी बेटात पेट्या आल्या. (त्यांचा तांबडा रंग सर्वत्र रूढ होऊ लागला तो १८७४ पासून, त्यापूर्वी बरीच वर्षे त्या हिरव्या असत.) आता या दोन्ही बेटांतील कोळी विणलेल्या बंड्यांसाठी प्रसिद्ध. एका बेटाचे नाव आमच्या खेळाडूंच्या जर्सीला चिकटले, आणि दुसऱ्याचे, जीभ वळेल तसे वळत, आमच्या गंजीफ्रॉकाला! म्हणजे विणकाम आणि टपालपेटी या एकाच माहेरच्या दोन मुली. दीडशे वर्षांनी थोरलीने धाकटीला टोपी घातली, तर नवल काय?

हे सारे आम्ही घरी मोठ्या रसाने सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी ऐकून घेतले आणि त्या पोळ्या लाटू लागल्या. आमच्या टिपणवहीत त्यांना रस नव्हता. रस्त्यात मात्र आम्ही पेटीसमोर उभे राहून नोंद करीत असता त्या टोपीची कड हळूच उचलून आतून पाहत. एकदा आम्ही म्हटले, "अगं, काय शोधतेस? शोभा बाहेरून आहे."

"मागच्या बाजूने पाहावं, अहो. पुढून काय, सगळ्यांचंच नीट दिसतं."

आम्ही हे वाक्य वहीत लिहिले नाही. त्याऐवजी एक व्याख्यान दिले. एवढी लोकर, एवढे श्रम. तेवढ्यात किती थंडीने कुडकुडणाऱ्या मुलांना स्वेटर झाले असते! अशी कला म्हणजे भरल्या पोटाचा खेळ. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. दर बुधवारी कन्या त्यांना गावातील वाचनालयात सोडीत असे; तेथे काही वृद्ध स्त्रिया विणीत बसत. इंग्रजी बोलण्याचा सराव नसलेली आमची पत्नी तेथे दोन-दोन तास काय करते, हा प्रश्न आम्हांस पडला नाही. वेळ जात असेल, असे आम्ही धरून चाललो.

आता बोर्डीकडे वळू. पंपाची बाही पाहिल्यावर आमचा पहिला संशय गेला तो शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या हौशी पाहुण्यांवर, दुसरा शाळेतल्या मुलींवर. छडा लावावयाचा तर येथे विणतात कोण, हे पाहिले पाहिजे, म्हणून जन्म ज्या गावात गेला तेथे आम्ही नव्याने हिंडलो. आणि खरे सांगावयाचे तर थोडे ओशाळलो. विलायतेत चाळीस टोप्या टिपणाऱ्या आमच्या डोळ्यांना घरचे विणकाम दिसलेच नव्हते. वाडीत चिकू उतरविणारा गडी लांब बांबूचा झेला वर करतो, त्याच्या टोकाची जाळी हातांनीच विणलेली. एका पारशी घरातील वृद्ध बाई आमच्या लहानपणी ओसरीवर लहानशा मागापुढे बसून कुस्ती विणीत. कोकराच्या लोकरीचे ७२ धागे, यस्न या धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांचे. विणून झालेली पोकळ पट्टी त्या शेवटी सुईने पुरती उलटवीत, आतली बाजू बाहेर येई, तेव्हा कोठे काम संपे. आणि किनाऱ्यावर तर काय, ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात कलंडलेल्या, आणि त्यांच्या सावलीत पुरुष जाळी सांधीत बसलेले. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून बोटे चालविणारा एक म्हातारा आम्हांस म्हणाला, "हा भाग माझा नाय, भावाचा. त्याची गाठ वेगळी बसते." भाऊ वारून बारा वर्षे झाली होती.

त्याच्याशेजारी आम्ही बराच वेळ बसलो. आमच्या डोक्यात एक जुने नाटक घोळू लागले होते. सिंज या आयरिश नाटककाराचे 'रायडर्स टु द सी' हे १९०४ साली रंगभूमीवर आलेले छोटे नाटक आम्ही किती वर्गांना शिकविले, त्याची गणती नाही. दूरच्या किनाऱ्याला एक प्रेत लागते; त्याचा सदरा आणि एक पायमोजा दोघी बहिणींकडे येतो. आपला भाऊच बुडाला, हे धाकटीला कळते ते मोज्याचे टाके मोजून. साठ टाके तिने घातले होते आणि त्यांतले चार तिच्या हातून सुटले होते. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरही आम्ही ऐकले होते की, बुडालेल्या कोळ्याचे गाव त्याच्या बंडीच्या वीणीवरून ओळखत. जाणते लोक मात्र त्या कथेवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत, आणि तिला याच नाटकाने खतपाणी घातले असे म्हणतात. ते काहीही असो. वर्गात आम्ही सांगत असू की, येथे नाटककाराने तपशिलातून शोकरस साधला आहे. मुले ते लिहून घेत.

परतताना पंपापाशी कोणी नव्हते. आम्ही दांडा हातात घेतला. उन्हे अजून उतरली नव्हती. उघडे लोखंड चटका देत होते, बाही मात्र कोमट होती. तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की, ही टोपी नव्हे, हिला काम आहे. आणि तांबडी पट्टी संपून पिवळी जेथे सुरू होते, तेथे आमच्या अंगठ्याला एक बारीक भोक लागले. एक टाका सुटलेला, आणि तो पुढे उसवू नये म्हणून वेगळ्या दोऱ्याने बांधलेली इवलीशी गाठ. पिवळी संपून हिरवी लागते तेथेही तसेच. दोरा बदलताना सुटलेला टाका, आणि त्यावर गाठ.

हा हात आम्ही ओळखत होतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सौभाग्यवतींनी आमच्यासाठी एक स्वेटर विणला होता. बोर्डीत स्वेटर लागावा अशी थंडी वर्षातून आठ दिवस पडते. पण पहाटेच्या गाडीला आम्हांस गारठा लागतो, एवढे त्यांनी मनात धरले होते. डावी बाही दोन बोटे लांब झाली होती, आणि जेथे जेथे लोकर बदलली तेथे तेथे एकेक भोक व गाठ. कॉलेजातील चार मित्र घरी आले असता आम्ही तो अंगात घालून दाखविला आणि म्हटले, "उष्ण कटिबंधाचा विचार करून केलेला आहे; हवेशीर आहे!" मित्र मनापासून हसले. सौभाग्यवती चहा घेऊन दारात उभ्या होत्या. पुढे महिनाभरात तो स्वेटर आम्ही कॉलेजच्या शिपायास देऊन टाकला. सांगितले नाही; विचारले तर नाहीच. त्याने तो निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पौषात घातला, आणि आम्ही त्याच्या हातून रोज घंटेचा तास आणि खडू घेतला. घरात सुया पुन्हा दिसल्या नाहीत. त्या का दिसत नाहीत, असे आमच्या मनात कधी आले नाही. भरल्या पोटाच्या खेळावर व्याख्यान देणारे ते आम्हीच.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवती ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. आम्ही चपला काढल्या, पाय धुतले, आणि पुष्कळ विचार करून ठरविलेले वाक्य सोडून भलतेच बोललो.

"पंपाच्या बाहीत टाका सुटलाय."

"एकच?" त्यांनी वर पाहिले नाही.

"दोन."

"मग सुधारलाय हात." सुपातील एक खडा त्यांनी अंगणात टाकला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वस्तीतल्या म्हातारीचा तळवा सोलला होता. म्हणाली, बाय, भर दुपारी दांडा धरवत नाय."

"आणि गोंडा?"

"पोरं रडायची, आई पाणी भरेपर्यंत."

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. त्या विलायती पेटीवरची होडी यांच्या हातची होती. वाचनालयातील बायकांना बोर्डीची होडी कशी असते, हे शब्दांनी सांगता येईना, म्हणून विणून दाखविली. त्यांनी ती टोपीवर बसविली. आमच्या वहीत त्या पानावर एवढेच लिहिले आहे : 'निळी टोपी. होडी १, पक्षी ३.' आम्ही वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि परत दिली.

"तो स्वेटर..." आम्ही सुरुवात केली.

"शिपायाला दिलात. ठाऊक आहे. त्याची बायको बाजारात भेटली होती, तेव्हाच बोलली." सूप पाखडून त्यांनी विचारले, "त्याला डावी बाही लांब व्हायची का हो?"

"तो दुमडून घालायचा."

"तुम्हांलाही दुमडता आली असती."

यावर आम्हांस उत्तर नव्हते, आजही नाही.

ज्येष्ठ लागला तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. सुताची बाही पावसात कुजणार. सौभाग्यवतींच्या मते जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतल्यास ती पावसाळाभर टिकेल, आणि तो वस्तीतल्या त्या म्हाताऱ्याकडे मिळेल. तेव्हा तो आणण्याचे काम आमच्याकडे आले. म्हाताऱ्याने दोऱ्याची लड दिली, पैसे घेतले नाहीत, आणि भरती लागण्याआधी निघा म्हणाला. संध्याकाळी ओटीवर आम्ही दोन्ही हात पुढे करून बसलो. हातांवर ती लड, समोर सौभाग्यवती गुंडा करीत असलेल्या. दोरा निसरडा होता. "हात हलवू नका," त्या दोनदा म्हणाल्या.