जुनी समई घ्या, कुंभकोणम गाठा

माळ्यावर आजीची पितळी समई काळवंडून पडली असेल, तर ती मोडीत काढण्याची घाई करू नका. एकदा वितळली की तिची जुनी घडण परत मिळत नाही. जमेल तेवढं काम घरी करा आणि उरलेल्या कामासाठी तामिळनाडूच्या सहलीत कुंभकोणमला जा. तंजावरपासून हे गाव सुमारे 40 किलोमीटरवर आहे, रेल्वेनेही जाता येतं. 1799मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेईपर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता.

आधी घरचं काम. बहुतेक समया आट्यांवर फिरवून सुट्या होतात. जोर लावू नका, आट्यांत तेल सोडून रात्रभर थांबा. चिकटलेल्या जुन्या तेलासाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला आणि लाकडी काडीने थर काढा. मग चिंचेचा कोळ लावून धुवा आणि लगेच कोरडी करा. सँडपेपर किंवा अ‍ॅसिड वापरू नका, नक्षी कायमची जाते. समई डुगडुगत असेल तर झिजलेल्या आट्यांवर सुती दोरा गुंडाळून बघा.

वाटीला तडा असेल किंवा टोकावरचा हंस हरवला असेल, तर मात्र कारागीरच हवा. कुंभकोणमपासून सुमारे 10 किलोमीटरवरचं नाचियारकोविल पितळी दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या ‘कुत्तुविळक्कु’चे बैठक, खांब, वाटी आणि वरची प्रभा हे भाग वेगवेगळे ओततात. कावेरीकाठच्या बारीक मातीच्या साच्यात पितळ ओतायचं, लेथवर घासायचं, नक्षी कोरायची आणि शेवटी आट्यांवर जोडायचं, अशी पद्धत. म्हणूनच एखादाच भाग नव्याने करून मिळेल का, हे विचारायला हरकत नाही.

समई देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. मशीनवर चकाकी आणू नका, त्यात जुनी नक्षी पुसट होते. लॅकरही नको, ज्योतीच्या उष्णतेने ते करपतं. नव्या भागाचा रंग जुन्यापेक्षा उजळ दिसेल. दिसू दे, काही वर्षांत तोही मुरतो.

कामाला वेळ लागतो, म्हणून पोहोचल्या दिवशीच समई कारागिराकडे द्या. तोवर दारासुरमचं बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर मंदिर आणि स्वामीमलैचे मूर्तिकार पाहा. पितळी दवरा-टंबलरमधली डिग्री कॉफी घ्यायलाही विसरू नका.